सर्जन होताना संघटनेचा उपयोग कसा करून घ्याल: नागपूरच्या रेसिडेंटसाठी, पहिल्या वर्षापासून स्वतःच्या ओटीपर्यंत (ऑपरेशन थिएटरपर्यंत)

मेडिकल किंवा मेयो ही सरकारी महाविद्यालयं असोत, मिहानचं एम्स, हिंगणा रोडचं लता मंगेशकर रुग्णालय किंवा धंतोली-रामदासपेठेतलं डीएनबीचं (राष्ट्रीय मंडळाच्या पदव्युत्तर पात्रतेचं) एखादं खासगी रुग्णालय असो. जनरल सर्जरीला प्रवेश मिळाला की काही दिवसांतच कोणीतरी सीनियर असोसिएशनचा, म्हणजे सर्जनांच्या संघटनेचा, फॉर्म हातात ठेवतो. बरेच जण पैसे भरतात, सदस्य क्रमांक कुठेतरी लिहून ठेवतात आणि थेट परीक्षेच्या वर्षी त्याची आठवण काढतात. तोवर सगळ्यात उपयोगाची दोन वर्षं निघून गेलेली असतात.

संघटनेकडून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तुमच्या युनिटबाहेरच्या अनुभवी सर्जनची नजर. तुमचे मार्क ज्यांच्या हातात नाहीत, तुमच्या ड्यूटीशी ज्यांचा संबंध नाही, अशी माणसं तुमचे हात पाहतात, तुमचा पेपर ऐकतात आणि चूक तिथल्या तिथे सांगतात. सर्टिफिकेट त्यानंतर येतं. सदस्यत्व, कार्यशाळा, परिषद, फेलोशिप, विमा यांतलं काय आधी करायचं आणि काय नंतर, हे याच कसोटीवर ठरवावं.

कोणतं काम कोणाकडे

इथला गोंधळ आधी मिटवू. अभ्यासक्रमाचे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. परीक्षा आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची; एम्सची मात्र त्याची स्वतःची. डीएनबीसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची. प्रॅक्टिसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. स्टायपेंड, हॉस्टेल, ड्यूटीचे तास, कॅज्युअल्टीतली सुरक्षा हे विषय मार्डचे, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे. सर्जनांची संघटना यांपैकी काहीच देत नाही. तिचं काम शिकवण्याचं, सरावाच्या संधीचं, संशोधनाला व्यासपीठ देण्याचं आणि पुढे व्यवसायात पाठीशी उभं राहण्याचं. असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया १९३८ साली स्थापन झाली, मुख्यालय चेन्नईला आहे, तिची राज्य शाखा आहे आणि खाली शहरांच्या शाखा आहेत. रोजच्या उपयोगाची शाखा शहराचीच. चेन्नईला पाठवलेल्या मेलपेक्षा शहर शाखेच्या सचिवांना केलेला एक फोन लवकर काम करतो.

पहिलं वर्ष: सदस्यत्व, लॉगबुक आणि खोका

जेआर-१ (पहिल्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट) असताना सहयोगी आजीव सदस्यत्व घ्या. फॉर्मला पदवी आणि नोंदणीची प्रत, विभागप्रमुखांचं पत्र आणि सदस्य असलेल्या सरांची शिफारस जोडावी लागते. इथे तीन चुका नेहमी होतात. फॉर्मवरचं नाव कौन्सिलच्या नोंदीशी अक्षरशः जुळत नाही. पत्ता हॉस्टेलच्या खोलीचा दिला जातो आणि तीन वर्षांनी तिथे दुसराच कोणी राहत असतो. घरचा कायमचा पत्ता द्या. आणि एमएस (सर्जरीची पदव्युत्तर पदवी) झाल्यावर सहयोगीचं पूर्ण सदस्यत्व करून घ्यायचं राहून जातं. मग फेलोशिपचा अर्ज भरताना अडतं. निकालाच्या आठवड्यातच रूपांतराचा अर्ज टाकावा.

लॉगबुक विद्यापीठाला हवं म्हणून भरू नका. पुढची प्रत्येक फेलोशिप, प्रत्येक मुलाखत त्याच्यावर उभी राहते. प्रत्येक शस्त्रक्रियेपुढे चारांपैकी एक नोंद असते: पाहिली, मदत केली, सरांच्या मदतीने केली, स्वतंत्रपणे केली. यात आणखी एक रकाना स्वतः वाढवा, तो म्हणजे ‘यातली कोणती पायरी माझी’. हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये त्वचा शिवली आणि ‘सरांच्या मदतीने केली’ असं लिहिलं, तर तोंडी परीक्षेत पहिल्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. सॅक (हर्नियाची पिशवी) वेगळी केली, की जाळी लावली, की खालच्या बाजूने जाळी इंग्वायनल लिगामेंटला (जांघेतल्या बंधाला) शिवली, हे लिहा. रुग्णाचं नाव लिहू नका, आयपीडी (भरतीचा) क्रमांक पुरतो. नोंद त्याच रात्री करा. तीन महिन्यांची बाकी एका रविवारी भरली की सगळ्या ओळी सारख्या दिसतात आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

आता खोका, म्हणजे लॅपरोस्कोपीचा बॉक्स ट्रेनर. विभागात असेल तर उत्तम; पण त्या खोलीची किल्ली रात्री मिळत नाही, म्हणून हॉस्टेलवर स्वतःचा असावा. साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० उंच असा प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा, आत एलईडीची पट्टी, वर बसवलेला वेबकॅम आणि समोर लॅपटॉप. झाकणाला दोन भोकं, एकमेकांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, म्हणजे आत दोन्ही हत्यारांची टोकं साधारण ६० अंशात भेटतात. भोकं जवळ झाली की हत्यारं एकमेकांवर आपटतात, फार लांब झाली की मनगट वाकतं. ओटीतून बाद झालेली मेरिलँड, ग्रास्पर आणि नीडल होल्डर ही हत्यारं बहुतेक सिस्टरांकडे पडून असतात. नीट विचारून, रजिस्टरला नोंद करून घ्या. टेबल अशा उंचीचं असावं की हत्यारांच्या मुठी कोपराच्या पातळीला येतील, आणि पडदा डोळ्यांच्या थोडा खाली. खांदे वर चढत असतील तर टेबल उंच आहे. तसाच सराव चालू ठेवला तर मान धरते आणि वाईट सवय ओटीतही जाते.

सराव पाच गोष्टींचा. फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी या अमेरिकी अभ्यासक्रमातली ही पाच कामं आता जगभर वापरली जातात. पहिलं, सहा वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेत खुंटीवरून खुंटीवर नेणं आणि परत आणणं. सरावलेल्या सर्जनचं लक्ष्य ४८ सेकंद, एकही वस्तू आवाक्याबाहेर न पडता. दुसरं, गॉजवर काढलेलं वर्तुळ रेघ न सोडता कापणं, ९८ सेकंद. तिसरं, तयार लूप खुणेवर बसवणं. चौथं, बाहेर बांधलेली गाठ नॉट पुशरने आत नेणं, १३६ सेकंद. पाचवं आणि सगळ्यात अवघड, आतल्या आत गाठ बांधणं, ११२ सेकंद.

पाचव्यावर जास्त वेळ द्या. पेनरोज ड्रेनच्या (मऊ रबरी नळीच्या) तुकड्यावर दोन ठिपके काढा, मध्ये चीर द्या. २-० सिल्कचा धागा १५ सेंटिमीटर कापून घ्या. सुई दोन्ही ठिपक्यांतून गेली की शेपूट दोन-तीन सेंटिमीटर इतकंच ठेवा. बहुतेकांची गाठ इथेच बिघडते, कारण शेपूट लांब राहतं आणि ते लूपमधून ओढून काढण्यात अर्धा मिनिट जातो. लांब धाग्याचा इंग्रजी सीच्या आकाराचा वळसा सपाट ठेवा, हत्यार त्याच्यावर ठेवून धागा हत्याराभोवती फिरवा. उलट, हत्यार धाग्याभोवती फिरवत बसू नका. पहिला वेढा दुहेरी, मग दोन एकेरी, आणि प्रत्येक वेढ्याला हात बदलायचा. हात बदलला नाही तर गाठ सरकते. ओढताना ड्रेन उचलला गेला किंवा फाटला, तर वेळ कितीही चांगली असली तरी तो प्रयत्न शून्य धरा. आत आतडं असतं तर तेही फाटलंच असतं.

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. एका दिवशी तीन तास करून काही साधत नाही. दर आठवड्याला एका प्रयत्नाचं रेकॉर्डिंग ठेवा. शाखेच्या कार्यशाळेला जाताना तेच न्या. ‘सर, माझा डावा हात नुसता बसून राहतो, बघता का?’ असं विचारलं की शिकवणाऱ्याला नेमकं काय सुधारायचं ते लगेच समजतं. रिकाम्या हाताने गेलात तर गर्दीत मागे उभं राहून परत यावं लागतं.

कार्यशाळा आणि कोर्स: कोणता, केव्हा

मूलभूत आणि प्रगत जीवरक्षणाचे कोर्स, संशोधन पद्धतीचा कोर्स आणि नीतीमत्तेचा कोर्स आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे सक्तीचेच आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा बीसीबीआर हा संशोधनाच्या मूलतत्त्वांचा ऑनलाइन कोर्स पहिल्या वर्षीच उरकून टाका; पुढे सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर तिथेही तो लागतो.

एटीएलएस, म्हणजे गंभीर जखमींवरच्या पहिल्या उपचारांचा कोर्स, मात्र सक्तीचा नसला तरी दुसऱ्या वर्षाच्या आत करा. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १९८० मध्ये तो स्वीकारला. भारतात तो २००९ पासून चालतो. एखादी व्यावसायिक संघटना प्रशिक्षणात काय बदल घडवू शकते, याचं त्याहून चांगलं उदाहरण नाही. १९७६ मध्ये नेब्रास्कात जेम्स स्टायनर या ऑर्थोपेडिक सर्जनचं विमान कोसळलं. त्यांची पत्नी दगावली, मुलं जखमी झाली, आणि गावच्या रुग्णालयातल्या उपचारांत काहीच क्रम नव्हता हे त्यांनी पाहिलं. त्यातून आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण हा क्रम शिकवणारा कोर्स उभा राहिला. सर्टिफिकेट चार वर्षं चालतं. जागा थोड्या असतात, त्यामुळे रजेच्या अर्जाआधी जागा पक्की करा. पुस्तक आधी येतं. ते न वाचता जाणाऱ्यांची सुरुवातीची लेखी चाचणी बिघडते आणि पुढचे दोन दिवस दडपणात जातात.

शहर शाखेची आतडी जोडण्याची किंवा हर्नियाची कार्यशाळा असेल तर निवड एका प्रश्नावर करा: एका टेबलावर किती जण? चारपर्यंत असतील तर हाताला काम मिळतं. शंभर जण हॉलमध्ये बसून थेट प्रक्षेपण पाहणार असतील तर त्याचाही उपयोग आहे, पण तो हातांचा सराव नव्हे. प्रक्षेपण पाहताना पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये एकच गोष्ट शोधा. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सुरक्षित दृश्याच्या तीन अटी पूर्ण झाल्या का? पित्तनलिका आणि यकृत यांमधला त्रिकोण चरबी-तंतूंपासून मोकळा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोन रचना. सर्जनने क्लिप लावण्याआधी तुम्ही मनात हो किंवा नाही म्हणा, आणि नाही असेल तर प्रश्नोत्तरांत विचारा. वक्ते अशा प्रश्नांचं स्वागतच करतात.

तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिन्यांची जिल्हा रेसिडेन्सी येते. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी पाठवलं म्हणून हिरमुसू नका. हायड्रोसील, हर्निया, अपेंडिक्स, गळू, भाजलेले रुग्ण. मोठ्या महाविद्यालयात जे टेबल तुमच्यापर्यंत पोहोचत नाही ते इथे मिळतं. जाण्याआधी शहर शाखेकडून त्या जिल्ह्यातल्या सदस्य सर्जनचा परिचय करून घ्या. रात्री दोन वाजता अडलेल्या हर्नियात आतडं काळं दिसलं, तर फोन कोणाला करायचा हे आधी ठरलेलं हवं.

परिषद आणि पेपर

नियमांनुसार एक पोस्टर, एक तोंडी सादरीकरण किंवा एक शोधनिबंध हवाच. पण विषय निवडताना तेवढ्यापुरतं पाहू नका. विदर्भाकडे असे प्रश्न आहेत जे मुंबई-दिल्लीच्या सर्जनना रोज दिसत नाहीत. सिकलसेलच्या रुग्णांत कमी वयात होणारे पित्तखडे, त्यांची ऑपरेशनआधीची तयारी, पाणी, ऑक्सिजन आणि शरीराचं तापमान राखण्याची पद्धत. खर्र्यामुळे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे) तोंड उघडत नसलेल्या रुग्णांत मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया आणि भूलतज्ज्ञाची श्वासनळीची अडचण. असा विषय परिषदेत ऐकला जातो, कारण ऐकणाऱ्यांना तो नवा असतो.

क्रम असा ठेवा. एथिक्स समितीची परवानगी आधी, आणि हस्तक्षेपाचा अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नंतरची नोंदणी घेतली जात नाही, त्यामुळे ही पायरी चुकली तर चांगल्या नियतकालिकाचं दार बंद होतं. मग गोषवारा, साधारण अडीचशे शब्द: प्रश्न, पद्धत, आकडे, निष्कर्ष. ‘निकाल चर्चिले जातील’ असं लिहिलेला गोषवारा परत येतो, आणि यायलाच हवा. राष्ट्रीय परिषद, म्हणजे असिकॉन, डिसेंबरच्या सुमारास असते आणि गोषवाऱ्यांची मुदत त्याच्या काही महिने आधी संपते. थीसिसचे सगळे रुग्ण पूर्ण होण्याची वाट पाहू नका. पुरेसे झाले की तेवढ्यांवर पेपर द्या, तसं स्पष्ट लिहून.

सादरीकरणाला सहसा सहा मिनिटं मिळतात. आठ स्लाइड, एका स्लाइडवर एक आकडा किंवा एक चित्र. आधी शाखेच्या मासिक सभेत, उत्तर अंबाझरी मार्गावरच्या आयएमए सभागृहात असो की विभागाच्या सेमिनार हॉलमध्ये, एकदा पूर्ण सादर करा. तिथे ज्येष्ठांनी विचारलेले प्रश्नच परिषदेत पुन्हा येतात. ‘फॉलोअप किती?’ हा प्रश्न तर येतोच, उत्तर पाठ ठेवा.

परिषदेहून परतल्यावर एका महिन्यात तोच पेपर लिहून पाठवा. संघटनेचं इंडियन जर्नल ऑफ सर्जरी आहेच. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या मेल येतील; तिकडे वळू नका. पदोन्नतीसाठी आयोग ठराविक सूचींतली नियतकालिकंच मोजतो, आणि एकदा तिकडे छापलेला पेपर पुन्हा दुसरीकडे देता येत नाही.

पदवीनंतर

निकाल लागला की कौन्सिलकडे एमएसची जादा पात्रता म्हणून नोंद करा. सीनियर रेसिडेन्सी, बॉण्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष किंवा नीट-एसएस या सुपर स्पेशालिटी प्रवेश परीक्षेची तयारी, यांतलं काहीही निवडलंत तरी ही नोंद अडकता कामा नये.

फेलोशिपच्या बाबतीत तरुण सर्जनांची दिशाभूल फार होते, म्हणून स्पष्ट सांगतो. संघटनेची एफएआयएस, लॅपरोस्कोपीच्या संघटनांची एफएमएएस किंवा एफआयएजीईएस हा कौशल्याचा आणि व्यावसायिक समाजातल्या स्थानाचा सन्मान आहे, कौन्सिलमध्ये नोंदवायची पदवी नव्हे. काही दिवसांच्या कोर्समधून पद्धत कळते, पण हातात पक्की बसत नाही. राष्ट्रीय मंडळाची एफएनबी ही प्रवेश परीक्षा देऊन करायची पूर्ण वेळाची निवासी फेलोशिप, ती वेगळी. आमचा सल्ला असा की खुल्या पद्धतीचं पित्ताशय आणि हर्निया आत्मविश्वासाने जमल्यावरच छोट्या फेलोशिपसाठी अर्ज करा, आणि त्यानंतर लगेच दोन-तीन आठवडे एखाद्या मोठ्या केंद्रात निरीक्षक म्हणून जा. संघटनेच्या प्रवासी फेलोशिप त्यासाठीच असतात. त्यांना अर्ज थोडे येतात, कारण जाहिरात वाचलीच जात नाही.

इंग्लंडला जायचं असेल तर एमआरसीएस या तिथल्या रॉयल कॉलेजच्या सदस्यत्वाच्या परीक्षेच्या पहिल्या भागात एकूण ३०० प्रश्न असतात, दुसरा भाग स्थानकांची प्रात्यक्षिक परीक्षा. तिथे ती उच्च प्रशिक्षणात शिरण्याआधीची पायरी आहे. तिला एमएसचा पर्याय समजू नये.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, त्यासाठी ३० क्रेडिट. कौन्सिलने मान्यता दिलेल्या कार्यक्रमाचेच गुण धरतात. परिषदेचं सुंदर सर्टिफिकेट हाती असतं, पण नोंदणी टेबलावर कौन्सिलचा क्रमांक दिलेला नसतो किंवा दिवसाची सही राहिलेली असते, आणि गुण जमा होत नाहीत. दर सहा महिन्यांनी पोर्टलवर आपले गुण पाहा. राहिलेले गुण आयोजकांकडून तेव्हाच मिळवता येतात, चार वर्षांनी नाही.

तक्रार आली तर

संघटनेची खरी गरज अनेकांना इथे कळते. तयारी मात्र पहिल्या ऑपरेशनपासून हवी.

विमा घेताना पॉलिसी कोणत्या तारखेपासूनच्या घटना धरते ते पाहा. व्यावसायिक दायित्वाचा विमा सहसा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या पॉलिसीवर चालतो. त्यामुळे मध्ये एक वर्ष नूतनीकरण चुकलं तर मागच्या सगळ्या रुग्णांचं संरक्षण जातं. कंपनी बदलताना जुनी तारीख पुढे चालू ठेवून घ्या, आणि तसं लेखी घ्या. संघटनांच्या सामूहिक योजना स्वस्त पडतात, पण त्यांतही ही तारीख तपासायलाच हवी.

संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत, ऑपरेशनच्या नावासह, आणि लॅपरोस्कोपी असेल तर पोट उघडावं लागण्याची शक्यता लिहून. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं की तपासणीच्या लॅपरोस्कोपीची संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर रुग्ण शुद्धीवर येऊ द्यावा आणि पुन्हा विचारावं.

कागद मागितले तर ७२ तासांत प्रत द्या. मूळ केसपेपरवर नंतर एक अक्षरही वाढवू नका; राहिलेली गोष्ट लिहायचीच असेल तर आजची तारीख-वेळ घालून वेगळी नोंद करा. नोटीस आली की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि शाखेच्या कायदेविषयक समितीतल्या ज्येष्ठांकडे कागद न्या. ग्राहक आयोगात उत्तर देण्याची मुदत ३० दिवस, आणि फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. फौजदारी तक्रारीत २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेणं अपेक्षित आहे. ही आठवण लेखी करून देण्याचं काम संघटनेचं पत्र चांगलं करतं. रुग्णालयात मारहाण किंवा तोडफोड झाली तर २०१० च्या राज्य कायद्याचा उल्लेख फिर्यादीत घालायला सांगा. ठाण्यात एकटे जाऊ नका, शाखेच्या दोन पदाधिकाऱ्यांना सोबत न्या.

नागपूर सोडून तालुक्याला जाणार असाल

परवाने आधी: नर्सिंग होम नोंदणी, जैववैद्यकीय कचरा, अग्निशमन, सोनोग्राफी असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालची नोंदणी). ज्याने गेल्या वर्षी हे सगळं केलं आहे अशा सदस्याकडून फाइलची प्रत मागा, एजंटाची गरज राहत नाही.

असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडियाचंही सदस्यत्व घ्या. कमी साधनांत सुरक्षित शस्त्रक्रिया हा तिचा विषयच आहे. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड हर्नियासाठी वापरलं, वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनना बरोबर घेऊन रुग्णांच्या नोंदी जमवल्या आणि २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापल्या. पुढे युगांडात अशाच जाळीची महागड्या जाळीशी शास्त्रशुद्ध तुलना झाली, आणि २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या निकालात वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. तालुक्याच्या ठिकाणी बसून हे घडू शकलं, कारण नोंदी सारख्या नमुन्यात ठेवल्या होत्या आणि त्या मांडायला संघटनेचं व्यासपीठ होतं.

तुमच्या नोंदवहीत प्रत्येक हर्नियापुढे एवढं असू द्या: वय, बाजू, जाळीचा प्रकार, ऑपरेशनचा वेळ, सातव्या दिवशी जखम, एक महिना आणि एक वर्षाला दुखणं आणि पुन्हा उद्भव. फोन नंबर दोन घ्या, एक रुग्णाचा आणि एक शेजाऱ्याचा. कापणीच्या दिवसांत रुग्ण तपासणीला येत नाही, तेव्हा आशाताईंकडून निरोप पाठवा.